पाटल्या सोडवून आणल्या, तरी तिला सांगा

वाचकाचं पत्र, ओळख पटेल असे तपशील काढून:

तासगाव तालुक्यातले ३८ वर्षांचे एक द्राक्ष बागायतदार लिहितात. अडीच एकर बाग, रानातच घर, घरात आईवडील, बायको आणि दोन मुलं. दोन हंगामांपूर्वी एका व्यापाऱ्यानं माल उचलला, थोडे पैसे हातावर टेकवले आणि सव्वाचार लाख बुडवून तो गायब झाला. पुढच्या वर्षी ऐन फुलोऱ्यात पाऊस लागला, घडकूज झाली, औषधांचा खर्चसुद्धा निघाला नाही. सोसायटीचं कर्ज, औषध दुकानाची उधारी आणि हातउसने धरून आकडा अकरा लाखांवर गेलाय. मधल्या काळात त्यांनी बायकोच्या चार तोळ्यांच्या पाटल्या दोघांच्या नावावरच्या लॉकरमधून काढल्या आणि तिला न सांगता गहाण ठेवल्या. या पाटल्या तिच्या आईनं लग्नात घातलेल्या. पुढच्या महिन्यात तिच्या धाकट्या भावाचं लग्न आहे आणि पाटल्या काढून आणा म्हणून ती मागं लागलीय.

"ताई, एक जण शेकडा पाच रुपयांनी दोन लाख द्यायला तयार आहे. लग्नाआधी पाटल्या सोडवून आणल्या की विषय मिटला. मग तिला सांगून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा? आमच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात आईला कर्जाचा एक शब्द कळू दिला नाही. घरचा कर्ता माणूसच डगमगला तर बाकीच्यांनी कुणाकडं बघायचं? पण हल्ली मी तिच्यावर आणि पोरांवर विनाकारण ओरडतो. रात्री झोप येत नाही. लाईट आली, मोटर चालू करून येतो असं सांगून शेततळ्यावर जाऊन बसतो. कधी कधी परत घरी जाऊच नये असं वाटतं. परवा तिनं विचारलं, 'बाहेर कुणी आहे का?' मी हसण्यावारी नेलं. ती बचत गटाची सचिव आहे, गटाचा सगळा हिशोब तीच ठेवते, त्यामुळं माझा घोळ तिच्या ध्यानात येईल अशीही भीती वाटते. सांगू की नको?"

उत्तर:

दादा, सांगू की नको याकडं वळण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मला थांबायचंय. 'कधी कधी परत घरी जाऊच नये असं वाटतं.' ही ओळ लिहून तुम्ही लगेच दुसऱ्या विषयावर गेलात. मला ती ओलांडून पुढं जाता येत नाही. म्हणून सरळ विचारते, जीव द्यावा असं तुमच्या मनात येतं का? असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो अशी पुष्कळांची समजूत आहे, पण तसं होत नाही. कुणीतरी स्पष्ट विचारलं की माणसाला बोलायला वाट मिळते. तुमचं उत्तर 'हो' असेल, किंवा 'तसं नाही, पण...' असं काही असेल, तर पुढचं वाचायचं थांबवा आणि १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत आणि गावात कुणाला कळत नाही. सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराचे डॉक्टरही आहेत. इतके दिवस झोप उडालीय, एवढं एकच कारण त्यांच्याकडं जायला पुरेसं आहे. आणि फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली आजपासून तुमच्याकडं नको. वडिलांकडं द्या, फवारणीच्या दिवशी मागून घ्या. त्यांनी कारण विचारलं तर खरं कारण सांगा.

आता तुमचा प्रश्न. पाटल्या परत आल्या की विषय मिटला, असं तुम्ही धरून चाललाय. समजा, तुम्ही त्या माणसाकडून दोन लाख उचलले आणि पाटल्या आणून तिच्या हातात दिल्या. ती लग्नात त्या घालून मिरवेल, तिची आई कौतुकानं हात धरून बघेल, आणि तुम्ही मांडवात उभं राहून पुढच्या हप्त्याचा हिशोब करत असाल. शेकडा पाच म्हणजे महिन्याला दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार. हे नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. खरड छाटणीची मजुरी आत्ता द्यायचीय, पुढं फळछाटणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, औषधं, आणि बागेतून पैसा यायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडणार. तोवर हे दहा हजार दर महिन्याला कुठून आणणार? आणि कुठूनही आणलेत तरी तेही तिच्यापासून लपवावं लागेल. म्हणजे एक गोष्ट झाकायला तुम्ही दुसरी, पहिलीपेक्षा महागडी गोष्ट जन्माला घालणार. हे कर्ज तुम्ही पाटल्यांसाठी काढत नाही आहात. बायकोशी बोलावं लागू नये म्हणून काढताय. एका बोलण्यातून सुटका व्हावी म्हणून वर्षाला जवळपास सव्वा लाख मोजायची तुमची तयारी आहे, यावरून ते बोलणं तुम्हाला किती जड जातंय हे मला कळतं. ते हलकं आहे असं मी म्हणणार नाही.

पण पाटल्या तिच्या आहेत. लग्नात बाईला मिळालेलं सोनं हे तिचं स्त्रीधन, त्यावर पूर्ण मालकी तिचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच स्पष्ट केलंय. अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं तरी परत करायची जबाबदारी त्याच्यावर राहते. तुम्हाला कायद्याचा धाक दाखवायला मी हे लिहीत नाही. आपल्या भागातल्या कितीतरी बायकांनी बोअर मारायला, पोराच्या ॲडमिशनला, सासऱ्यांच्या ऑपरेशनला स्वतःच्या हातानं गंठण काढून दिलंय. तुमच्या बायकोनंही कदाचित दिलं असतं, कदाचित नसतं. तिला विचारलंच गेलं नाही, त्यामुळं आता कुणालाच ठाऊक नाही. उद्या तिला कळेल तेव्हा सोनं गेल्याचं दुःख होईलच. पण माझा अनुभव असा की त्याहून खोल लागतं ते 'मला विचारावंसं वाटलं नाही' हे. म्हणून पाटल्या उद्या कुणी फुकट सोडवून दिल्या, तरीही माझं म्हणणं तेच राहील. तिला सांगा, आणि लग्नाआधी सांगा.

तुम्ही वडिलांचा दाखला दिलाय. त्यांनी उभ्या आयुष्यात आईला एक शब्द कळू दिला नाही. दादा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? वडिलांनीच ना? आईला कधी विचारलंय? आई घरातच आहे. एकदा दुपारी तिच्याजवळ बसा आणि विचारा, 'आये, आबांवर कर्ज होतं तवा तुला काय ठावं होतं का?' उत्तर काय येईल हे मी सांगू शकत नाही. पण त्या पिढीच्या पुष्कळ बायकांशी मी बोललेय आणि त्या काय सांगतात ते मला माहीत आहे. वाण्यानं वहीत लिहायला कां-कूं केलं की त्यांना कळायचं. चहातलं दूध कमी करा असा निरोप आला की कळायचं. वाटेत एखाद्या माणसाला टाळून नवरा उगाच लांबचा रस्ता धरायचा, तेव्हाही कळायचं. कळायचं सगळं, पण विचारायची सोय नव्हती. नवरा न बोलता झुरत होता आणि बायको न बोलता अंदाज बांधत होती, आणि दोघंही एकमेकांना जपतोय असं समजत होती. तुमच्या वडिलांना मी दोष देत नाही. त्यांना जे शिकवलं गेलं ते त्यांनी निभावलं. पण आईला त्याचा त्रास झाला नाही, हे गृहीत धरून तुम्ही तीच रीत पुढं चालवताय, आणि ते गृहीत तपासायला माणूस दहा पावलांवर बसलेलं आहे.

तुमच्या बायकोचंही तेच चाललंय. तुम्ही म्हणता तिच्या जिवाला घोर नको. घोर तिला केव्हाच लागलाय. बागेत पानावर पिवळा तेलकट डाग दिसला की तुम्ही पान उलटून बघता, कारण डाऊनी रोगाची बुरशी खालच्या बाजूला असते. तिनंही डाग बघितलेत. तुमचं ओरडणं, रात्रीचं उठून जाणं, पाटल्यांचा विषय निघाला की उद्यावर टाकणं. ती पान उलटायला गेली आणि तुम्ही हात धरलात. मग तिनं तिच्या परीनं कारण शोधलं. नवरा रात्री घराबाहेर जातो, बोलत नाही, जवळ येत नाही, चिडतो, तर बाहेर कुणीतरी असेल. 'बाहेर कुणी आहे का?' हे चार शब्द तोंडातून काढायला तिला किती रात्री लागल्या असतील, याचा विचार करा. त्या रात्री ती एकटीच जागी होती, आणि तुम्ही शेततळ्यावर एकटे जागे होता. कर्जाचं दुःख दोघांनी मिळून सोसण्यासारखं तरी आहे. नवऱ्याचं मन आपल्यावरून उडालंय हे दुःख बाईनं कुणाबरोबर सोसायचं? तिला काळजीपासून वाचवता वाचवता तुम्ही तिला त्याहून वाईट आणि खोटी काळजी दिलीत. आणि तिनं विचारलं त्यावर तुम्ही हसलात. ते हसणं तिला कसं लागलं असेल, हे तुम्हाला आता जाणवत असेल असं मला वाटतं.

या बाबतीत एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. एमिली बटलर, जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तो प्रसिद्ध केला. एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांना त्यांनी एक अस्वस्थ करणारी चित्रफीत दाखवली आणि मग त्यावर आपसांत बोलायला लावलं. काही जोड्यांमध्ये एकीला गुपचूप सांगितलं होतं की मनातलं चेहऱ्यावर अजिबात दिसू द्यायचं नाही. बोलणं झाल्यावर दिसलं असं की अशा जोडीत समोरच्या बाईचा रक्तदाब वाढला होता. तिला काहीच ठाऊक नव्हतं, ओळख पाच मिनिटांची, तरी शरीरानं नोंद घेतली. तुमची बायको तर रोज तुमच्या ताटात वाढते, तुमच्या पावलांचा आवाज ओळखते. चेहरा कोरा ठेवला की तिच्यापर्यंत काही पोचत नाही, असं मानायला मला आधार दिसत नाही.

कर्त्या माणसानं डगमगायचं नसतं, हे तुमचं दुसरं गृहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. त्या दिवसांत कर्ती माणसं उघड घाबरली, उघड रडली, आणि कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. काय उचलायचं, कुणाकडं जायचं, म्हातारी माणसं आधी की जनावरं, हे नवरा-बायकोनं उभ्या उभ्या मिळून ठरवलं. पाणी सगळ्यांना दिसत होतं. कर्ज दिसत नाही, एवढाच फरक. जे दिसत नाही ते आपल्याच नालायकपणामुळं आलं असं वाटायला लागतं आणि त्याची लाज वाटते. व्यापाऱ्यानं बुडवलं, पाऊस फुलोऱ्यात आला, यातलं तुमच्या हातात काय होतं? पाटल्या न विचारता काढल्या, हे तुमच्या हातात होतं. तेवढ्याची लाज वाटणं रास्त आहे. बाकीच्या सगळ्याची लाज तुम्ही विनाकारण वागवताय, आणि या दोन गोष्टी एकात एक मिसळल्यामुळं तुम्हाला कशाचंच तोंड उघडता येत नाहीये.

आता सांगायचं कसं. नवरे सांगायचं ठरवतात तेव्हा बहुतेक वेळा आकडा सांगतात. 'अकरा लाख देणं आहे, पाटल्या गहाण आहेत, आता तू त्यावर काही बोलू नको.' आवाज चढलेला, नजर दुसरीकडं. ही माहिती झाली. ती द्यायलाच हवी, पण तेवढ्यावर थांबलात तर तिच्या हाती फक्त ओझं येईल, तुम्ही येणार नाही. तिला आकड्याबरोबर तुम्ही कसे आहात हेही कळू द्या. भीती वाटते, लाज वाटते, झोप येत नाही, शेततळ्यावर बसल्यावर मनात काय येतं. बायकोसमोर एवढं उघडं पडायची आपल्याकडच्या पुरुषांना सवय नाही, आणि म्हणूनच ज्यानं ते केलं त्याच्या घरात काहीतरी हललेलं मी बघितलंय. शब्द सजवायची गरज नाही. तुम्ही घरात जसं बोलता तसंच बोला: 'अगं, पाटल्या लॉकरमधी न्हाईत. मी गहाण ठेवल्यात. तुला इचारलं न्हाई, ही माझी चूक. दोन वरसं झाली मला धड झोप न्हाई. भ्या वाटतंय. आन तुला सांगायची लाज वाटत हुती. बाहेर कुणी न्हाई. रात्री मी तळ्यावर जाऊन बसतो.' एवढं बोलून गप्प राहा. पुढचं तिला बोलू द्या.

'तुझ्यासाठीच लपवलं' हे मात्र म्हणू नका, अगदी जिभेवर आलं तरी. त्यात थोडं खरं असेलही, पण ते ऐकलं की लपवल्याचं ओझंही तिच्याच डोक्यावर जातं. व्यापाऱ्याची गोष्ट नंतर. लगेच माफी मिळावी अशी अपेक्षा नको. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, त्यात कमीपणा नाही. फक्त तुम्हाला सावरता सावरता तिचा राग तिला गिळावा लागू नये, एवढं भान ठेवा. आणि काहीही झालं तरी अर्धं सांगू नका. आज पाटल्या, पुढच्या महिन्यात सोसायटी, दिवाळीला हातउसने, असं तुकड्या-तुकड्यानं कळलं की प्रत्येक वेळी तिला पहिल्यापासून फसवल्यासारखं वाटेल. म्हणून आधी एका कागदावर सगळं उतरवा. कुणाचे, किती, कधी घेतले, कधी द्यायचे, व्याज काय. तो कागद तिच्या हातात द्या.

जागेचाही विचार करा. आईवडील आणि मुलं असलेल्या घरात नवरा-बायकोला बोलायला कोपरा नसतो, आणि पुष्कळ जोडपी केवळ जागा नाही म्हणून वर्षानुवर्षं महत्त्वाचं काही बोलत नाहीत. बागेत म्हणाल तर आत्ता खरड छाटणीनंतर मांडव उघडा पडलाय, सावली नाही, मजुरांचं येणं-जाणं आहे. मोटरसायकलवर बोलू नका, वाऱ्यात अर्धं ऐकू येत नाही. रात्री नको, आणि त्या तळ्यावर तर नकोच. एखाद्या सकाळी मुलांना आईकडं सोपवा आणि दोघं हरिपूरला जा. कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळापाशी, निवांत बसता येतं. लग्नाच्या खरेदीचा दिवस निवडू नका. त्या दिवसाचा आनंद तिचा आहे.

ती काय करेल हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. चिडेल. दोन-चार दिवस बोलणार नाही. कदाचित माहेरी जाऊन येते म्हणेल. 'आणखी काय काय लपवलंय?' असं आठवडाभर रोज विचारेल. प्रत्येक वेळी न वैतागता उत्तर द्या. तुम्हाला दोन वर्षं लागली सांगायला, तिला पचवायला थोडा वेळ लागणारच. तिच्या मौनाचा 'सांगितलं हेच चुकलं' असा अर्थ काढू नका. लग्नाला बेंटेक्सच्या पाटल्या घालायच्या, नुसत्या बांगड्यांवर जायचं, आईला खरं सांगायचं की नाही, हे तिला ठरवू द्या. तुम्हाला सासरच्या माणसांपुढं मान खाली घालावी लागेल, ही भीती मला समजते. पण पाटल्या गहाण ठेवायचा निर्णय तुम्ही एकट्यानं घेतलात. त्याबद्दल कुणाला सांगायचं हा निर्णय तिचा असू द्या.

आणि एक गोष्ट तुम्ही उलटी धरलीय असं मला वाटतं. ती बचत गटाची सचिव आहे, हिशोब ठेवते, म्हणून तुम्हाला भीती वाटते. अहो, गटातल्या बायकांची कर्जं, थकलेले हप्ते, बँकेच्या फेऱ्या, कुणाला मुदत वाढवून द्यायची आणि कुणाला नाही, हे सगळं ती बघते. अकरा लाखांच्या देण्यातून वाट काढायला या घरात सगळ्यात तयार माणूस तीच आहे. तिचा राग ओसरल्यावर ती तो कागद घेऊन बसेल अशी मला दाट आशा आहे. तेव्हा तिच्या हिशोबात लुडबुड करू नका, ती मागेल ते कागद द्या.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्ही दोघं मिळून माझ्यापेक्षा चांगलं बघाल. त्या शेकडा पाचवाल्याला आजच नाही म्हणा. परवान्याशिवाय सावकारी करणं हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडं किंवा जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते. पाटल्या जिथं गहाण आहेत तिथं जाऊन मुदत कधी संपते ते लेखी घ्या. पुष्कळ ठिकाणी व्याज भरून मुदत वाढवून मिळते, आणि लिलावाआधी त्यांना नोटीस द्यावी लागते. सोसायटीच्या सचिवाला कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल विचारा. बुडवून गेलेल्या व्यापाऱ्याच्या वजनाच्या चिठ्ठ्या, फोनवरचे मेसेज, पेट्यांचा हिशोब, जे असेल ते जपून ठेवा आणि पोलिसांत तक्रार दिली नसेल तर द्या. तुमच्यासारखे आणखी चार-पाच जण त्यानं बुडवले असतील तर मिळून जा.

असंच काही मनात दाबून ठेवलेल्या इतर वाचकांसाठीही लिहितेय. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई कामगारांची, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम करणाऱ्यांची, कुटुंबं परमुलखात आहेत. तिकडून फोनवर रोज 'सगळं बरं हाय' आणि इकडूनही 'सगळं बरं हाय', आणि दोन्हीकडं काहीच बरं नसतं. अशांनी आठवड्यातून एका फोनला तरी एक खरी अडचण एकमेकांना सांगायची असं ठरवून बघा. छातीत गाठ लागतेय पण हंगाम संपू दे, मग सांगू, असं म्हणणाऱ्या बायका मला भेटल्यात. कृपा करून हंगामाची वाट बघू नका, आज घरात सांगा आणि उद्या डॉक्टरकडं जा.

पण ज्या घरात तुम्ही सांगितलेली गोष्ट उद्या टोमण्यात परत येते, चारचौघांत उगाळली जाते किंवा तिच्यावरून हात उगारला जातो, तिथं हा सल्ला जशाच्या तसा वापरू नका. मोकळं बोलायला समोर भरवशाचं माणूस लागतं. तिथं आधी बहीण, मैत्रीण, समुपदेशक, जो कुणी सुरक्षित वाटेल त्याच्याशी बोला. बायकांसाठी १८१ ही हेल्पलाईन आहे.

दादा, शेवटी मुलांचं. तुम्ही त्यांच्यावर ओरडता असं एका ओळीत लिहिलंत आणि पुढं गेलात. लहान पोरांना बाप चिडला की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. त्यांना आकडे सांगायची गरज नाही, पाटल्यांचंही नाही. दोघांना जवळ बसवून एवढंच सांगा की बाबाला सध्या पैशाची काळजी आहे, म्हणून आवाज चढतो, त्यात तुमची काही चूक नाही, आणि परवा ओरडलो ते चुकलं. हे बोलायला हरिपूरला जाईपर्यंत थांबायची गरज नाही. आज संध्याकाळी ती शाळेतून आली की बोलता येईल.